वाल्डेमार हाफकिन : लस बनवणारे आणि लसीचा हिशोब मांडणारे शास्त्रज्ञ



सर्दी झाली, गोळी घेतली आणि चार दिवसांनी बरं वाटलं. आता सांगा, गोळीमुळे बरं वाटलं की सर्दी आपोआपच गेली? एकाच माणसाकडे बघून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. गोळी घेतलेली बरीच माणसं आणि न घेतलेली बरीच माणसं शेजारी शेजारी ठेवून मोजावी लागतात. असं मोजणाऱ्या तज्ज्ञाला साथरोगतज्ज्ञ म्हणतात.

आज औषधं आणि लसी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांमध्ये असे तज्ज्ञ नोकरीला असतात. त्यांची कामं साधारण तीन. आजार कुठे, किती जणांना आणि कोणत्या वयात होतो हे आधी शोधणं. नव्या औषधाची चाचणी कशी घ्यायची, कुणाची तुलना कुणाशी करायची हे ठरवायला मदत करणं. आणि औषध लोकांपर्यंत पोहोचल्यावर त्याने कुणाला अपाय होतोय का, यावर डोळा ठेवणं.

असं पद जगात कुठेच नव्हतं, त्या काळात एका माणसाने ही कामं स्वतः केली. त्यातलं मोठं काम आपल्या मुंबईत झालं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते ज्यांच्या नावाने आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांचं जीवन आज आपण पाहणार आहोत. त्यांच्या आयुष्यात मोठं यश आहे आणि तितकाच मोठा अन्यायही आहे. दोन्हींचा संबंध मोजणीशी आहे, हे शेवटपर्यंत वाचलंत की तुमच्या लक्षात येईल.

जन्म, बालपण आणि शिक्षण

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या बंदराच्या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा आज युक्रेन देशात आहे, पण तेव्हा ते रशियाच्या साम्राज्यात होतं. शालेय शिक्षण बर्डियान्स्क येथे झाल्यावर ते ओडेसाच्या विद्यापीठात विज्ञान शिकायला आले. तिथे त्यांना फार मोठे गुरू लाभले. त्यांचं नाव इल्या मेचनिकोव्ह. शरीरातल्या पेशी रोगजंतूंना कशा गिळतात हे मेचनिकोव्ह यांनी पुढे दाखवून दिलं आणि त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिकही मिळालं.

तो काळ रशियात ज्यू लोकांसाठी फार वाईट होता. १८८१ मध्ये ओडेशात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. सरकारविरोधी चळवळीतल्या सहभागामुळेही पोलिसांची नजर त्यांच्यावर होती. शिक्षण पूर्ण करून ते ओडेशाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करू लागले. प्राध्यापक व्हायचं असेल तर धर्म बदलून ख्रिस्ती व्हावं लागेल, अशी अट त्यांच्यापुढे आली. त्यांनी ती नाकारली.

मित्रांनो, एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. हाफकिन विज्ञानातले पदवीधर होते, पण रुग्ण तपासणारे डॉक्टर नव्हते. भारतात आल्यावर अनेक इंग्रज डॉक्टरांना हीच गोष्ट खटकत राहिली.

पॅरिसमधलं ग्रंथालय आणि पटकीची लस

१८८८ मध्ये हाफकिन यांनी रशिया सोडला. आधी ते जिनिव्हाला गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. मेचनिकोव्ह तिथेच होते. पण संशोधकाची जागा रिकामी नव्हती, रिकामी होती ती ग्रंथालयातल्या साहाय्यकाची. हाफकिन यांनी तीच नोकरी धरली. पुस्तकं सांभाळायची आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवायचा, असं त्यांचं सुरू झालं.

त्या वेळी युरोपात आणि आशियात पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या साथी येत होत्या. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंवर काम करून दोन प्रकारची टोचणी तयार केली. आधी सौम्य केलेल्या जंतूंची आणि काही दिवसांनी तीव्र केलेल्या जंतूंची. प्राण्यांवर ती यशस्वी ठरली. माणसावर कोण करून बघणार? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, पण ते बरे झाले.

आता नीट विचार करा. यातून काय सिद्ध झालं? लस टोचल्याने निदान एक माणूस मरत नाही, एवढंच. लस पटकीपासून वाचवते का, हे अजून कळलेलंच नव्हतं. ते कळायला पटकी जिथे खरोखर येते तिथे जावं लागणार होतं. आणि ती जागा म्हणजे बंगाल.

कोलकात्याची वस्ती

भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या मदतीने हाफकिन यांना भारतात काम करण्याची परवानगी मिळाली आणि मार्च १८९३ मध्ये ते कोलकात्याला आले. पहिलं वर्ष ते उत्तर भारतात फिरले. आग्र्यापासून सुरुवात करून त्यांनी सैनिकांना आणि सामान्य लोकांना हजारोंच्या संख्येने लस टोचली.

पण एक अडचण आली. ज्यांना लस टोचली त्यांच्या गावात नंतर पटकीच आली नाही तर? मग लसीमुळे वाचले असं म्हणता येईल का? मुळीच नाही. जी परीक्षा झालीच नाही, तिच्यात पास झालो असं म्हणण्यासारखं ते होईल.

म्हणून त्यांनी कोलकात्याच्या गरीब वस्त्यांकडे मोर्चा वळवला. तिथे एकाच तळ्याचं पाणी सगळी वस्ती वापरायची आणि पटकी दरवर्षी यायची. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. सिम्पसन आणि काही बंगाली डॉक्टर त्यांच्या मदतीला होते. लोक घाबरत होते, रागावतही होते. एकदा वस्तीत त्यांच्यावर दगड आले, तेव्हा हाफकिन यांनी सर्वांसमोर स्वतःलाच सुई टोचून घेतली, असं सांगतात.

१८९४ च्या मार्च महिन्याच्या शेवटी काठालबागान नावाच्या वस्तीत पटकी सुरू झाली. तिथल्या सुमारे २०० लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत पटकीने जे आजारी पडले, ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. पाणी तेच, घरं तीच, साथ तीच. फरक फक्त टोचणीचा. हाफकिन यांना हवी होती ती तुलना इथे मिळाली. यानंतर एकाच घरातले टोचलेले आणि न टोचलेले लोक वेगवेगळे मोजायचे, ही त्यांची पद्धतच झाली.

१८९५ पर्यंत त्यांनी ४०,००० हून जास्त लोकांना लस दिली. पण मलेरियाने ते इतके खंगले की त्यांना युरोपात परत जावं लागलं. बरं वाटताच १८९६ मध्ये ते पुन्हा कोलकात्यात हजर झाले.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठी आलेले आणि तापाने फणफणलेले रुग्ण पाहिले. हा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखलं. बघता बघता शहर हादरलं. लोक गाठोडी बांधून गावाकडे निघाले. पुढे साथ पुण्यात आणि राज्यभर पसरली. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हे तुम्ही वाचलेलंच आहे.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते इथे पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्याशा जागेत त्यांनी प्लेगचे जंतू वाढवायला घेतले.

जंतू वाढवण्याची त्यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या रश्शासारख्या द्रवात ते तुपाचे थेंब सोडायचे. थेंब वर तरंगायचे आणि त्यांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबायची. बाटली हलवली की ती तळाशी पडायची आणि वर नवी वाढ सुरू व्हायची. अशी भरपूर वाढ झाली की बाटली गरम करून जंतू मारायचे. मेलेल्या जंतूंचा हा द्रव म्हणजेच प्लेगची लस.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःच घेतली. मात्रा होती १० घन सेंटीमीटर, म्हणजे पुढे लोकांना दिलेल्या मात्रेपेक्षा बरीच जास्त. जोराचा ताप आला, अंग दुखलं, पण त्यांनी काम थांबवलं नाही.

भायखळ्याच्या तुरुंगातली मोजणी

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. आत तीनशेहून जास्त कैदी होते. ३० जानेवारीला त्यांतल्या जवळजवळ निम्म्या कैद्यांनी आपण होऊन लस घेतली. बाकीच्यांनी घेतली नाही. सगळ्यांचं जेवण एक, पाणी एक, भिंती एक.

त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले ६ मेले. लस घेतलेल्यांपैकी २ जणांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले.

टोचणीच्या दिवशीच ज्यांना प्लेग झालेला होता, त्यांना या हिशोबात धरलं नव्हतं. असं का बरं? कारण जंतू अंगात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत काही दिवस जातात. आधीच लागण झालेल्याला लसीने वाचवलं नाही म्हणून लस वाईट ठरत नाही. आजही लसीची चाचणी घेताना डोस दिल्यानंतरचे पहिले काही दिवस वेगळे ठेवतात, ते याच कारणाने.

इथे तुमच्या मनात एक शंका यायला हवी. कैदी खरोखर आपल्या मर्जीने तयार झाले होते का? तुरुंगातल्या माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं. आज कैद्यांवर अशी चाचणी सहज घेता येत नाही. नीतीविषयक समितीची परवानगी आणि प्रत्येकाची समजून उमजून दिलेली संमती लागते. हाफकिन यांच्या काळात असे नियम नव्हते. त्यांचं काम मोठं आहे म्हणून हा प्रश्न विचारायचाच नाही, असं करू नका.

दमण आणि उंडेरा : दोन हिशोब, दोन किमती

१८९७ मध्ये पोर्तुगीजांच्या दमणमध्येही प्लेग आला. तिथे लस घेतलेले २,१९७ लोक होते, त्यांतले ३६ मेले. लस न घेतलेले ६,०३३ लोक होते, त्यांतले १,४८२ मेले. आकडे बघितले की लसीचा उपयोग लगेच दिसतो.

पण हुशार साथरोगतज्ज्ञ इथे थांबत नाही. तो विचारतो, लस कोणी घेतली? कदाचित शिकलेल्या आणि जरा बऱ्या घरात राहणाऱ्या लोकांनी घेतली असेल. मग ते लसीमुळे वाचले की चांगल्या घरामुळे, हे कसं सांगणार? दोन गट सारखे नसतील तर तुलना लंगडी पडते.

हाफकिन यांनाही हे माहीत होतं. म्हणून फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा या गावात त्यांनी जास्त काटेकोर पद्धत वापरली. गावात प्लेग चालूच होता. त्यांनी गावकऱ्यांना कुटुंबवार एकत्र बोलावलं. प्रत्येक कुटुंबाचे साधारण दोन सारखे भाग केले. वय, स्त्री-पुरुष, प्रकृती हे पाहून दोन्ही बाजू बरोबरीच्या राहतील असं बघितलं आणि एका भागाला लस टोचली. सुमारे सहा आठवड्यांनी ते गावात परत गेले आणि घरोघरी मोजणी केली.

त्यानंतर ज्या घरांत प्लेग शिरला अशी २८ कुटुंबं निघाली. त्यांचा हिशोब असा :

लस घेतलेले ७१ जण : ८ जणांना प्लेग, ३ मृत्यू.
लस न घेतलेले ६४ जण : २७ जणांना प्लेग, २६ मृत्यू.

एकाच छपराखाली राहणारे हे लोक. त्यामुळे चांगलं घर, वाईट घर हा आक्षेपच उरला नाही. लस सगळ्यांना वाचवत नाही, तिघे मेलेच, पण मरणाचं प्रमाण तिने खूप खाली आणलं, हे उंडेऱ्यात दिसलं.

आणि त्या २६ जणांकडेही बघा. ते त्याच घरांतले, लस न मिळालेले लोक होते. आपल्याला मिळालेल्या या ज्ञानाची किंमत त्या घरांनी मोजली आहे. म्हणूनच आजच्या चाचण्यांमध्ये मधेच आकडे तपासणारी वेगळी समिती असते. एका बाजूला उघड फायदा दिसला की चाचणी थांबवता येते, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही लवकर औषध मिळतं.

परळची प्रयोगशाळा

प्लेगच्या काळात सरकारने घरांची झडती, सक्तीने दवाखान्यात नेणं, छावण्या असे उपाय केले. त्याचा लोकांना फार जाच झाला. पुण्यात याच रोषातून २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, हा इतिहास तुम्हाला माहीत आहे. हाफकिन यांचा भर मात्र लोकांनी आपण होऊन लस घ्यावी यावर होता. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी स्वतः लस घेतली आणि कामासाठी जागाही दिली. त्यांच्याकडे पाहून समाजातले हजारो लोक पुढे आले.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. इथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. पाच-सहा जणांनी सुरू केलेलं काम आता कारखान्यासारखं झालं होतं.

याच सुमारास सरकारने एक प्लेग आयोग नेमला होता. त्याने हाफकिन यांचे आकडे पुन्हा तपासले. काही मोजण्या ढिसाळ आहेत आणि प्रत्येक बाटलीची ताकद सारखी नसते, अशी टीका केली. पण लसीने प्लेग होण्याचं आणि मरण्याचं प्रमाण कमी होतं, हे मान्यही केलं. हाफकिन यांना ही टीका आवडली नसेल. पण लस बनवणाऱ्यानेच सगळी मोजणी केली तर लोकांना शंका येणारच. दुसऱ्या कुणी तपासल्यावरही जो आकडा टिकतो, तोच पक्का.

मलकोवालची बाटली

आता त्यांच्या आयुष्यातला सर्वांत दुःखाचा भाग.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग जोरात होता आणि तिथे लसीची मोठी मोहीम ठरली. मागणी इतकी वाढली की परळला रात्रंदिवस काम सुरू झालं. उत्पादन लवकर व्हावं म्हणून हाफकिन यांनी लस बनवण्याच्या पद्धतीत बदल केला. आधी उष्णता देऊन वर कार्बॉलिक ॲसिड घालत, ते आता वगळलं आणि उष्णतेवरच भर दिला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही कार्बॉलिकशिवाय लस तयार होत होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल या गावात १०७ लोकांना लस टोचली गेली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. आठवडाभरात त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले.

सगळीकडे एकच ओरड झाली, लस घातक आहे. पण आपण साथरोगतज्ज्ञासारखं बघू या. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या. मेलेले १९ जण एकाच बाटलीतले होते. तिच्यावर ५३-एन असा क्रमांक होता. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीच झालं नाही. म्हणजे दोष लसीत नव्हता, त्या एका बाटलीत होता. इथपर्यंत मोजणीने उत्तर दिलं. पुढचा प्रश्न असा, की बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले कुठे? परळला भरताना, की मलकोवालला उघडताना?

चौकशी आयोग नेमला गेला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश त्याचे अध्यक्ष होते. आयोगाचं मत पडलं, की बाटली उघडण्याआधीच दूषित झाली होती. म्हणजे दोष परळचा आणि पर्यायाने हाफकिन यांचा. त्यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आलं आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले. ज्याने दोन दोन लसी आधी स्वतःच्या अंगावर घेतल्या, त्याच्यावर १९ जणांच्या मृत्यूचा ठपका बसला.

पाच वर्षांनी न्याय

पुरावा मात्र वेगळंच सांगत होता. बाटली उघडण्याच्या वेळी एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून नीट निर्जंतुक न करता तसाच बाटलीच्या बुचासाठी वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तुम्ही शिकलाच आहात. दुसरं म्हणजे, ती बाटली परळला भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस जंतू आत वाढत असते तर उघडताना घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. तिसरं, बाटलीत आधीच विष तयार झालं असतं तर लोक लवकर आजारी पडले असते. इथे जवळजवळ आठवडा गेला होता.

हे सगळं चौकशीच्या कागदांत होतं, पण ते कागद वर्षानुवर्षं लोकांसमोर आले नाहीत. अखेर अहवाल प्रसिद्ध झाल्यावर हाफकिन यांच्या बाजूने शास्त्रज्ञ उभे राहिले. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवून नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस त्यांत पुढे होते. कोलकात्याचे जुने सोबती सिम्पसनही होते. जुलै १९०७ मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. परळचा दोष सिद्ध झालेला नाही, असं त्यांनी पुरावे मांडून सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात हाफकिन दोषमुक्त झाले.

ते पुन्हा कोलकात्याला कामावर आले. पण नव्या लसीची लोकांवर चाचणी घेण्याचं त्यांचं आवडतं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते फ्रान्सला गेले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. शेवटची वर्षं त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात काढली आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. आपली संपत्ती त्यांनी ज्यू मुलांच्या धार्मिक शाळांसाठी ठेवली.

१९२५ मध्ये, ते हयात असतानाच, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिलं गेलं. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. पुढे १९७० च्या दशकात लस आणि औषधं बनवणारा भाग वेगळा होऊन त्याची हाफकिन जीव औषध निर्माण महामंडळ ही सरकारी कंपनी झाली. संशोधन एकीकडे आणि उत्पादन दुसरीकडे, असे एकाच आवारात दोन संसार सुरू झाले.

आजच्या औषध कंपन्या आणि हाफकिन

१९१५ मध्ये लंडनच्या ग्रीनवुड आणि यूल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी पटकी आणि विषमज्वराच्या लसींची आकडेवारी तपासली आणि चांगल्या तुलनेच्या अटी लिहून काढल्या. दोन्ही गट बाकी सगळ्या बाबतीत सारखे हवेत, दोन्हींना आजाराचा धोका सारखा हवा, ही त्यातली मुख्य गोष्ट. उंडेऱ्यात हाफकिन यांनी याच दिशेने पाऊल टाकलं होतं. आज तर कोणाला औषध द्यायचं आणि कोणाला नाही, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतात, म्हणजे निवडणाऱ्याची मर्जी मधे येत नाही.

औषध बाजारात आलं की काम संपत नाही. काही हजार लोकांच्या चाचणीत न दिसलेला दुर्मिळ दुष्परिणाम लाखो लोकांनी औषध घेतल्यावर दिसू शकतो. मग कंपनीतला साथरोगतज्ज्ञ विचारतो, हा त्रास औषध घेतलेल्यांत जास्त आहे का, की तो एरवीही इतक्याच लोकांना होतो? एकाच बॅचमध्ये आहे की सगळ्या? एकाच गावात आहे की सगळीकडे? मलकोवालचे प्रश्न अगदी हेच होते.

इथे एक धोकाही आहे. या तज्ज्ञाचा पगार कंपनी देते. आकडे कंपनीच्या विरोधात गेले तर ते झाकायचा मोह होऊ शकतो. म्हणून औषधाला परवानगी देणारं सरकारी खातं आणि बाहेरचे शास्त्रज्ञ ते आकडे पुन्हा तपासतात. पण झाकण्याचा मोह फक्त कंपनीलाच होतो असं नाही. मलकोवालचे कागद लोकांपासून दूर राहिले होते ते सरकारी कपाटात. मोजणी कुणाचीही असो, ती सगळ्यांना तपासता आली पाहिजे. हाफकिन यांच्या आयुष्यातून मला तरी हीच सर्वांत मोठी शिकवण वाटते.

तुमच्या धाकट्या भावंडाला लस देताना ताई शिशीवरचा बॅच नंबर नोंदवून ठेवतात आणि अर्धा तास केंद्रावर बसायला सांगतात. घाई असली तरी बसा. ताप किंवा काही त्रास झाला तर कळवा. तुमची ती नोंद कुणाच्या तरी हिशोबात जाते आणि पुढच्या बाळाच्या उपयोगी पडते.

स्वतः करून बघा

१. उंडेरा गावाचे आकडे घ्या. लस घेतलेल्या ७१ पैकी ३ आणि न घेतलेल्या ६४ पैकी २६, यांची शेकडेवारी काढा. एक साधारण ४ टक्के येते आणि दुसरी साधारण ४१ टक्के. मरणाचं प्रमाण किती पट कमी झालं ते सांगा.

२. दमणच्या आकड्यांचीही अशीच शेकडेवारी काढा. मग दमणपेक्षा उंडेऱ्याची मोजणी जास्त भरवशाची का, हे चार ओळींत लिहा.

३. मलकोवालमध्ये पाच बाटल्यांची वेगवेगळी नोंद ठेवलीच नसती तर काय झालं असतं? घरी मोठ्यांशी चर्चा करून लिहा.